कोऱ्या पानांचं वाण

प्रेमलताच्या घरात पाटा होता, वरवंटाही होता, पण भादव्यात चटणी वाटायची सोय नव्हती. श्रावण सरत आला की पाटा माजघरात जायचा आणि दसऱ्यापर्यंत तिथेच, जुन्या वर्तमानपत्रांच्या चळतीवर ठाण मांडून बसायचा. त्या चळतीत पानं असत. भुईमुगाची, तुरीची, ज्वारीची. आणि तीही धड नव्हेत, डाग पडलेली. चांगल्या पानाला त्या घरात कोणी विचारत नसे.

तिचा नवरा गुणवंता शेतकी खात्यात कामदार होता. कामदार म्हणजे खात्यातला सगळ्यांत खालचा माणूस. सायकलवर गावोगाव फिरायचं, बियाणं कोणतं घ्या, खत कधी टाका, रोग आला तर काय करा, हे शेतकऱ्यांना सांगायचं आणि शेतकऱ्यांनी ते ऐकलं नाही की वरच्यांचे बोल खायचे. शिक्षण मराठी सातवी. पण नागपूरला सहा महिने शिकायला गेला, तेव्हा तिथल्या एका साहेबांनी त्याला पानावरची बुरशी भिंगातून दाखवली, आणि गडी कामातूनच गेला. परत येताना एक भिंग घेऊन आला. तेव्हापासून सौंसर तालुक्यातलं प्रत्येक आजारी पान आपल्या नात्यातलं असल्यासारखा तो त्याच्यामागे हिंडू लागला. पान आणायचं, दाबून वाळवायचं, चिठ्ठी लावायची आणि साहेबांना टपालाने पाठवायचं. साहेबांचं कार्ड आलं की ते तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत जेवायला बसत नसे.

"पाटा देता का जी? पाहुणे येऊन राहिले."

"अवं, खाली तांबेरा आहे ज्वारीचा. चार दिवस थांब."

"मंग पाहुण्यायले तांबेराच वाढते ताटात."

असं त्यांचं चालायचं. देश स्वतंत्र झाला त्या दिवशीसुद्धा सौंसरच्या शाळेत झेंडा वर गेला न गेला तोच हा सायकल काढून रामाकोन्याला निघाला. टिक्क्याचा पहिला ठिपका याच दिवसांत दिसतो म्हणे. संध्याकाळी परत आला तो खिशात बायकोसाठी शाळेतली जिलबी घेऊन. आणि त्याच खिशात भुईमुगाची पानं. प्रेमलताने पाकात चिकटलेलं पान सोलून काढलं, जिलबी खाल्ली आणि पान धुऊन त्याच्या हातात दिलं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. याच्याशी आपलं जमणार, हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं.

आता हा टिक्का काय ते सांगायला हवं. भुईमुगाच्या पानावर भादव्यात काळे गोल ठिपके येतात, मग पान पिवळं पडतं आणि झडतं. पुस्तकात तो रोग. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या बाया त्या ठिपक्यांना टिकल्या म्हणत, आणि तेही कौतुकाने. झाडाला टिकल्या लागल्या म्हणजे शेंग धरली, पाला झडला म्हणजे शेंग भरली, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आणि शंभरात एखादं झाड बिनठिपक्याचं, हिरवंगार राहिलं, तर ते "कोरं". कोऱ्या झाडाला शेंग भरत नाही, उलट ते बाकीच्यांच्या वाट्याचं खातं, म्हणून पोळ्यानंतरच्या निंदणात ते उपटून दुभत्या गाईपुढे टाकायचं. उपटल्यावर बाया शेंग फोडून बघत, दाणा पोचट निघे, आणि समजूत आणखी घट्ट होई.

"पोचट निघनच ना!" गुणवंता कळवळून सांगे. "अजून वेळ कुठी झाला? बाजूचं टिकलीवालं उपटून पाहा, त्यातबी पोचटच आहे. अन् पान झडलं तं झाडानं शेंगेले खाऊ काय घालाव?"

सांगे आणि पुढच्या गावाला जाई. लोक मान डोलवत, त्याला चहा पाजत, आणि कोरं झाड उपटत. पानांवर फवारायला मोरचूद-चुन्याचं पाणी होतं, पण ते आणायचं कोणी आणि फवारायचं कशाने? गुणवंताचं मन आतून दुसऱ्याच गोष्टीवर बसलं होतं. एखादं हिरवं झाड कोणी उभं ठेवलं, तर त्याचं बी धरता येईल. रोगाला औषधच नको, असं बी. पण असं झाड दसऱ्यापर्यंत त्याला कधी जिवंत भेटलं नाही.

भेटलं ते बावन्न साली, केसरबाईच्या वावरात.

केसरबाई रामाकोन्याची. पस्तिशीत विधवा झालेली, चार एकर वावर एकटी करणारी, बोलायला तिखट आणि हाताला उदार. त्या दिवशी प्रेमलताही नवऱ्याबरोबर अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने रामाकोन्याला गेली होती. वावरातला भुईमूग सगळा काढून झालेला, काळी माती उघडी पडलेली, आणि मधोमध पाच झाडं तेवढी हिरवी उभी. गुणवंता बांधावरच थबकला.

"मावशी, हे काहून ठेवले?"

केसरबाईने पदर कपाळावर ओढला. मग प्रेमलताकडे बघून म्हणाली, "निंदाले बसली होती. कोरं झाड दिसलं, हात टाकला. अन् मंग वाटलं, कपाळ तं माहंबी कोरं आहे. म्हणून मले कोणी उपटून फेकाव का? राहू दिलं. अशी पाच राहू दिली."

प्रेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणवंताने ते बघितलं नाही, कारण तो गुडघ्यांवर बसून माती उकरत होता. पहिलं झाड वर आलं ते शेंगांनी लगडून. फोडली ती प्रत्येक शेंग भरलेली, दाणा गुलाबी आणि टपोरा. गुणवंता मातीत बसूनच राहिला. हसत होता की रडत होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. शेंगा प्रेमलताने पदरात बांधून घेतल्या. त्यातली मूठभर तिने केसरबाईपुढे धरली तर केसरबाई म्हणाली, "बी खायचं नसते बाई."

पुढची चार वर्षं केसरबाईच्या वावरात एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, त्या बियाचा राहिला. तासातलं ठिपकेवालं झाड गुणवंता आधी काढी आणि हिरव्याचंच बी पुढे नेई. पंचावन्न साली त्याने हिय्या करून थोडं बी लोधीखेड्याच्या भैय्याजींना दिलं. भैय्याजी मोठे शेतकरी, शब्दाचे पक्के. गुणवंताने त्यांना चार वेळा बजावलं, भैय्याजींनी चारही वेळा हो म्हटलं, आणि भादवा संपता संपता गुणवंता जाऊन बघतो तो तास साफ. कोरं झाड दिसलं, बायांनी निंदताना उपटलं. भैय्याजींनी मनापासून माफी मागितली आणि वर दोन डझन संत्री दिली.

त्या संध्याकाळी गुणवंता भिंतीला टेकून बसला. "काय सांगाव आता? चारदा सांगितलं भैय्याजीले."

"भैय्याजी निंदते का जी?" प्रेमलताने भाकरी थापता थापता विचारलं.

"काय?"

"नाही, वावरात निंदाले भैय्याजी बसते का? उपटते बाया. अन् तुमी बारा वर्षापासून सांगून राहिले माणसायले."

गुणवंता भिंतीपासून सरळ झाला. मग म्हणाला, "बायायच्या घोळक्यात जाऊन मी भाषण देऊ? जोडे खाईन मी." आणि दोघंही हसली. विषय तिथेच संपला असं गुणवंताला वाटलं.

छप्पन्न साल उजाडलं ते प्रांतरचनेच्या गोंधळातच. कोण म्हणे आपण नागपूरकडे जाणार, कोण म्हणे नाही. नोव्हेंबरात काय ते ठरलं. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा भोपाळच्या बाजूला राहिलं. बोली तीच, सोयरीक तीच, बाजारहाट तोच. पण सरकार दुसरं. सामान्य माणसाला त्याने फारसा फरक पडला नाही. गुणवंताला पडला. त्या वर्षी केसरबाईच्या वावरातून रॉकेलचा एक डबा भरून बी निघालं होतं, आणि नागपूरच्या साहेबांनी ते आपल्या शेतावर पेरून बघायचं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर साहेबांचं कार्ड आलं. गुणवंताने ते एकदाच वाचलं.

"प्रिय गुणवंतराव, आपला तालुका आता आमच्याकडे नाही. आपलं बी इथे पेरून घेण्याचा मला अधिकार उरला नाही. आपल्या नव्या कचेरीला कळवावं. मला फार वाईट वाटतं. पानं मात्र पाठवत जा, माझ्या घरच्या पत्त्यावर."

नव्या कचेरीला गुणवंताने हिंदीतून अर्ज केला. उत्तरात बियाबद्दल एक अक्षर नव्हतं. आली ती बदलीची ऑर्डर. नर्मदेच्या पलीकडे, गव्हाच्या मुलखात, फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला हजर व्हायचं. तिकडे भुईमूग औषधालाही कोणी पेरत नव्हतं. आणि जणू एवढंही पुरे नव्हतं, म्हणून केसरबाईच्या दिरांनी तिच्या वावरात संत्र्याची कलमं लावायचं ठरवलं. त्या एका तासाचंही घर गेलं.

भुईमुगाचं बी हट्टी असतं. एक हंगाम वाट बघतं, दुसऱ्या हंगामाला उगवतच नाही. येत्या पावसाळ्यात ते मातीत पडलं नाही तर चार वर्षं निवडत आणलेलं बी त्या डब्यात मरणार होतं. गुणवंताला हे ठाऊक होतं आणि आता प्रेमलतालाही. पुन्हा भैय्याजींकडे जायची त्याची छाती नव्हती.

"फोडून टाक त्या शेंगा," एके दिवशी तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लाडू कर. प्रवासाले होतीन."

 प्रेमलताने डबा उचलून देवघरात नेऊन ठेवला.

संक्रांत पंधरा दिवसांवर होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सवाशिणी एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात आणि वाण देतात: कोणी फणी, कोणी आरसा, कोणी वाटी. सुगडात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणि भुईमुगाच्या शेंगा असतातच. प्रेमलताचं घर बाजाराच्या रस्त्यावर. बाजारच्या दिवशी गावोगावच्या बाया तिच्या ओट्यावर डोक्यावरचं ओझं उतरवत, पाणी पीत, दोन गोष्टी सांगत. बारा वर्षांत त्या ओट्यावर पाणी प्याली नाही अशी बाई तालुक्यात सापडणं कठीण होतं.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या बाजाराला गुणवंता चार्ज देण्याच्या कामासाठी छिंदवाड्याला गेला होता. प्रेमलताने ओटा सारवला, रांगोळी घातली आणि डबा शेजारी घेऊन बसली. पहिली आली ती केसरबाई. हळदीकुंकू मांडलेलं बघून ती पायरीखालीच थांबली.

"मी मागून येतो बाई. तुह्यं होऊ दे."

"वर ये मावशी. पहिलं वाण तुलेच आहे."

"मले?" केसरबाई दचकली. "अवं, सवाशिणीचं असते हे. लोक काय म्हणतीन?"

"बी कोणाचं आहे? तू उपटलं असतं तं मी आज काय देलं असतं?" प्रेमलताने तिच्या ओंजळीत शेंगा ओतल्या आणि तिची ती खरखरीत ओंजळ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. केसरबाईने तोंड फिरवलं. मग ओट्याच्या कडेला बसली ती दिवसभर उठली नाही.

बाया येऊ लागल्या. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि ओटीत पडल्या ओंजळभर शेंगा.

"हे काय व कामदारीणबाई? एवढंच वाण?"

"हे खायचं नाही. मृगात पेरायचं. परसात पेर, विहिरीजवळ पेर, कुठीबी पेर. भादव्यात बाकीचा भुईमूग झडन, हे हिरवं राहीन. हिरवं म्हंजे सवाशिणीचं. वाणाच्या झाडाले हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर पंधरा दिवसानं काढायचं, अन् पुढच्या संक्रांतीले त्यातलंच मूठभर दुसरीले द्यायचं. मोडायचं नाही."

कुठल्या पोथीत हे लिहिलं होतं? कुठल्याही नाही. बाईने बसल्या बसल्या नवं व्रत रचलं होतं, आणि देवाने ते खुशाल चालवून घेतलं असावं. कारण हिरव्या बांगड्या घातलेली बाई हिरव्या झाडाला कसा हात लावणार? बारा वर्षं भिंग दाखवून जे पटलं नाही, ते त्या एका वाक्याने पटत होतं. एखादी कुरकुरली की ओट्याच्या कडेवरून केसरबाई म्हणे, "शेंग भरते व. म्या पाह्यली माह्या वावरात." तीन बाजार झाले, आणि तिन्ही दिवस गुणवंता चार्जच्या कामात बाहेरच होता. एक्केचाळीस बायांच्या ओट्या भरल्या आणि डबा रिकामा झाला.

नवऱ्याला तिने काहीच सांगितलं नाही. कितीदा तरी ओठांवर आलं होतं. सामान बांधताना गुणवंताने डबा उचलला. तो हलका लागला तशी त्याने आत न बघताच झाकण लावलं आणि डबा पोत्यात घातला. लाडू कुठे आहेत, असंही विचारलं नाही. त्याची ती वाकलेली पाठ बघून प्रेमलताने हुंदका दाबला आणि ती भांडी पोत्यात भरत राहिली. बायांनी भादव्यात सवयीने उपटलं तर? मग याचा जीव दुसऱ्यांदा तुटेल. एकदाच पुरे होतं.

नर्मदेपलीकडचं गाव चांगलं होतं. घर मोठं, पाणी गोड, माणसं भली. गुणवंता वेळेवर कचेरीत जाई, वेळेवर येई. भिंग पेटीतच राहिलं. भादवा आला तरी त्याने घरात एकही पान आणलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा पाटा स्वयंपाकघरात मोकळा पडला होता. प्रेमलता रोज चटणी वाटायची आणि ती दोघांच्याही घशाखाली उतरायची नाही. भादव्यात ती रोज सकाळी मनातल्या मनात एकेका ओट्यावर जाऊन येई: रामाकोना, लोधीखेडा, सावरगाव. उपटू नका बायांनो, एवढंच म्हणे.

कोजागिरीला आठवडा उलटला आणि टपाल आलं. कापडात शिवलेला गठ्ठा, वर रामाकोन्याच्या केशवराव मास्तरांचं अक्षर. पत्ता गुणवंताच्या नावाचा, म्हणून त्यानेच उसवला. प्रेमलता दाराला धरून उभी राहिली. 

आत वर्तमानपत्रं होती. पहिला कागद उघडला तर भुईमुगाचं एक पान, नीट दाबून वाळवलेलं, चार दलं पसरलेली. वर चिठ्ठी. पण चिठ्ठीवर रोगाचं नाव नव्हतं, बाईचं होतं: कलाबाई, लोधीखेडा. दुसऱ्या कागदात वंदना, सावरगाव. गुणवंता एकेक कागद उलटत गेला आणि त्याचा हात सावकाश होत गेला. मग उठून त्याने पेटीतून भिंग काढलं. खिडकीपाशी नेऊन पान बघितलं, उलटं करून बघितलं. एखाददुसरा ठिपका कुठे कुठे होता. बाकी सगळी पानं कोरी, वाळूनही हिरवी.

"हे कोणाच्या वावरातलं?" त्याने पान तिच्यासमोर धरलं.

"माह्या वाणाचं," प्रेमलता म्हणाली. आणि मग नऊ महिने दाबून धरलेलं सगळं तिने सांगून टाकलं.

गुणवंता खाली बसला. "मले काहून नाही सांगितलं?"

"उपटलं असतं तं? तुमाले अजून एकदा तसं बसलेलं मले पाह्यवलं नसतं."

त्याने तिचा हात धरला. त्या दिवसांत भर दुपारी, उघड्या दारात कोणी बायकोचा हात धरत नसे. त्याने धरला आणि सोडला नाही. केसरबाईची चिठ्ठी मग तिनेच दुसऱ्या हाताने उलगडून वाचली. केशवराव मास्तरांनी ती जशी बोलली तशीच उतरवली होती.

"कामदारीणबाईले केसरबाईचा राम राम. मी फिरून पाह्यलं. एकतीस घरी झाड उभं आहे. सहा जणीनं पेरलंच नाही. दोघीचं बकरीनं खाल्लं. दोघीनं शेंगा भाजून खाल्ल्या, ते त्याहीनं कबूल केलं. पण उपटलं कोणीच नाही. माह्या परसात बारा झाडं आहे. संत्र्याच्या कलमाच्या मधातबी चार लावले, दिराले ठाऊक नाही. येत्या संक्रांतीले मीबी वाण देऊन राहिली. विधवेनं देऊ नये म्हणते लोक. पण बायाच म्हणाल्या, मावशे, तुह्याच हातचं पाह्यजे."

शेवटच्या ओळी वाचताना प्रेमलताला अक्षरं दिसेनाशी झाली. त्या गुणवंताने वाचल्या.

थोड्या वेळाने ती उठली, डोळे पुसले आणि स्वयंपाकघरातून पाटा ओढत आणला. गुणवंता मदतीला धावला. दोघांनी मिळून कागदांची चळत सरळ केली आणि पाटा तिच्यावर ठेवला.

"अवं, पण हे वाळलेले आहे," तो म्हणाला. "याले दाबाची गरज नाही."

"राहू द्या," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चटणी खलबत्त्यात कुटली. ती जाडीभरडी झाली, मीठही जरा पुढे गेलं. गुणवंताने ती दोनदा मागून घेतली.